ज्याची टाकी, त्याचे पाणी



साने गुरुजींच्या स्मृतीसाठी भरलेल्या सभेत शहरांविषयी बोलायचे, हे काहींना विसंगत वाटेल. गुरुजी म्हटले की आपल्याला पालगड आठवते, कोकणातली आई आठवते. पण त्यांच्या आयुष्यातली घडणीची वर्षे गेली ती आपल्या खानदेशात, आणि तीही एका गिरणीच्या गावात. १९२४ ते १९३० ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी ते राबले. आणि १९४७ च्या मे महिन्यात अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी पंढरपूरला उपोषणाला बसण्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर जो दौरा केला, त्यात मंदिरांइतकाच विहिरींचाही प्रश्न होता. मला त्या विहिरींपासूनच सुरुवात करायची आहे.

गावच्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे आणि कोणी ओंजळ पसरून उभे राहायचे, हा तेव्हाचा झगडा होता. तो उघड्यावर चालायचा, म्हणून तो दिसायचा. आजच्या जळगाव-धुळ्यात त्या विहिरी बुजल्या. नळ सर्वांना आहे, निदान कागदावर तरी आहे. आता झगडा घरातल्या टाकीपर्यंत येऊन थांबला आहे आणि तो झगडा आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही, कारण टाकी ज्याच्या त्याच्या गच्चीवर असते.

थोडा हिशेब मांडतो. व्याख्यानात आकडे कंटाळवाणे होतात हे मला ठाऊक आहे, पण हा हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा सरकारी मान माणशी रोज १३५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर. धुळ्यात गेली कित्येक वर्षे आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येण्याची तक्रार आहे. आठ दिवस धरले तर एका घराला एका वेळी ५४०० लिटर साठवायला हवेत. देवपुरातल्या एखाद्या बंगल्यात जमिनीखाली पाच हजार लिटरचा हौद असतो, गच्चीवर काळी टाकी असते, मोटर असते, शिवाय अंगणात बोअर असते. त्या घराला आठ दिवसांचा खाडा कळतही नाही. आता एखाद्या वस्तीतले पत्र्याचे घर घ्या. दोनशे लिटरचे दोन ड्रम, हंडे, कळशा, बादल्या, झालेच तर स्वयंपाकघरातले मोठे पातेले. सगळे मिळून सहाशे लिटर भरले तरी खूप झाले. पाच माणसे, आठ दिवस, सहाशे लिटर. माणशी रोज १५ लिटर.

यात महापालिकेने कोणावर अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. तिने दोन्ही घरांना सारखाच वेळ, सारखेच पाणी सोडले. पट्टीही सारखीच घेतली, कारण आपल्या मध्यम शहरांत पाणीपट्टी अजून बहुतेक ठिकाणी मीटरवर नाही, नळाच्या आकारावर आहे. म्हणजे ज्याच्या घरात ५४०० लिटर शिरले त्याने आणि ज्याच्या घरात ६०० शिरले त्यानेही तेवढेच पैसे भरले. लिटरमागे गरिबाने नऊपट दिले. नियम सर्वांना एकच, आणि तरी हा परिणाम. विषमता आणायला दुष्ट माणूस लागत नाही, एवढे तरी यावरून दिसते. अपुरे वेळापत्रक पुरते.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की आरोग्य विभागाचे कर्मचारी वस्त्यांमधून फिरतात, ड्रममध्ये बॅटरी मारून डासांच्या अळ्या पाहतात आणि सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. पण ज्या बाईला दहाव्या दिवशी पाणी मिळणार आहे तिने सातव्या दिवशी ड्रम ओतायचा कसा? झाकणबंद टाकीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या घरी भांडे तपासायलाही सहसा कोणी जात नाही.

धुळ्याला पाणी नाही म्हणून असे होते का? धुळ्याला नकाणे तलाव आहे, हरणमाळ आहे, डेडरगाव आहे, तापीवरून आणलेली जलवाहिनी आहे, पांझरा नदीवर अक्कलपाड्याचे धरण आहे. जळगावला पूर्वी गिरणेचे पाणी होते, आता वाघूर धरण आहे, आणि तरी नळ रोज येत नाही. गिरणा, वाघूर, पांझरा या नद्या काही गंगा नव्हेत. पाऊसही आपल्याकडे बेताचाच. दुष्काळी वर्षी टंचाई खरी असते. पण धरण भरून वाहत असतानाही नळ जेव्हा आठवडाभर कोरडा राहतो, तेव्हा दोष आभाळाचा नसतो. तो जुन्या गळक्या वाहिन्यांचा, अपुऱ्या जलकुंभांचा आणि त्यांच्याकडे लक्ष न देणाऱ्या आपला असतो.

आपला म्हणजे कोणाचा, तेही सांगतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी टाकी आहे. माझ्याही आहे. ज्यांच्या शब्दाला नगरसेवक वचकतो, ज्यांचे पत्र वर्तमानपत्र छापते, जे आयुक्तांना फोन करू शकतात, त्या सर्वांनी आपापला प्रश्न हौद, बोअर आणि मोटर लावून सोडवून घेतला. त्यांच्यापुरते शहर टंचाईत टिकाव धरणारे झाले. मग नळ रोज यावा म्हणून भांडायचे कोणी? उरले ते ज्यांचा आवाज पोचत नाही. वस्तीतून हंडा मोर्चा येतो, फोटो छापून येतो, दुसऱ्या दिवशी टँकर जातो. तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की संकटात तग धरण्याची ताकद आपण शहराला दिली नाही, ती घराघरांत विकत घेतली. आणि ज्याने ती विकत घेतली तो शहराच्या काळजीतून मोकळा झाला.

आता उन्हाकडे वळतो.

जळगाव, भुसावळ, धुळे इथला उन्हाळा काय असतो, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की आपण एकमेकांना आकडे सांगतो, त्यात थोडा अभिमानही असतो. पण वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. माणूस राहतो छपराखाली. आपल्या भागातल्या जुन्या धाब्याच्या घरांचे छप्पर मातीचे, हातभर जाड. पावसाळ्यापूर्वी वर खारी माती पसरायची, म्हणजे गळत नसे. दिवसभराचे ऊन ती माती पिऊन घ्यायची आणि आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. तोवर माणसे धाब्यावर झोपायला गेलेली असायची. गरिबाचे धाबे आणि पाटलाचे धाबे यांत लांबीरुंदीचा फरक असेल, जाडीचा फारसा नसे. निदान उन्हापुरती ती घरे बरीच समान होती.

आज शहरात गरिबाच्या डोक्यावर पत्रा आला. पत्रा स्वस्त, लवकर चढतो, उद्या जागा सोडावी लागली तर काढून नेता येतो. ज्याच्या पायाखालची जागाच स्वतःची नाही त्याला पत्राच परवडतो. दुपारी त्याखाली बसवत नाही. मग बायका पोरांना घेऊन भिंतीच्या, ट्रकच्या, देवळाच्या सावलीला जातात. दुसरीकडे स्लॅबची घरे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ते ऊन परत देतो, म्हणून तिथे कूलर आला. आपल्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, खानदेशाने त्याला जवळजवळ कुलदैवत मानले आहे. पण कूलर पाण्यावर चालतो. मे महिन्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पितो. आता मघाचा हिशेब पुन्हा आठवा. ज्या घरात पाच माणसांना मिळून रोज ७५ लिटर आहेत, तिथे कूलर फुकट दिला तरी चालणार कशावर? उन्हाची आणि पाण्याची टंचाई अशी एकाच घरात, एकाच दिवशी येते. सरकारी खाती मात्र दोघांची वेगळी.

झाडांचेही तेच. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोका बांधतात. ऐन वैशाखात झोका खेळण्याचा सण आहे, कारण लिंबाखाली तेवढा गारवा असतो. जळगावच्या मेहरूणची बोरे एके काळी नाव घेऊन विकली जायची. त्या बोरांच्या बागांच्या जागी आता कॉलन्या आहेत. शेतजमीन बिनशेती करून प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. त्या ‘ओपन स्पेस’चे काय झाले, ते आपापल्या कॉलनीत जाऊन पाहावे. कुठे सभागृह उठले, कुठे मंदिर, कुठे नुसतीच काटेरी झुडपे. आणि ज्या वस्तीचा लेआउटच कधी मंजूर झाला नाही, तिच्या वाट्याला ती दहा टक्के जागाही कागदावर नाही.

हे फक्त आपलेच दुखणे नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला, शेकडो माणसे गेली आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त दगावली. एरिक क्लाइननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या दोन शेजारी वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब. एकीत मृत्यू फार, दुसरीत कमी. दुसऱ्या वस्तीत दुकाने चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडत आणि कोणीतरी त्यांची चौकशी करत असे.

हे वाचल्यावर मला धुळ्याच्या जुन्या गल्ल्या आठवल्या. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचे ठाणे केले आणि नव्या पेठा वसवल्या. आजही आपण ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ म्हणतो त्या वस्तीला सरळ रस्ते आहेत, घरांना ओटे आहेत. संध्याकाळी ओट्यावर माणूस दिसला नाही तर शेजारी हाक मारतात. नव्या कॉलन्यांना कंपाउंडची भिंत आहे, ओटा नाही. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत आणि आईवडील जळगावच्या चार खोल्यांत एकटे, अशी घरे कितीतरी आहेत. त्यांच्याकडे टाकी आहे, एसी आहे, फक्त विचारणारे कोणी नाही. श्रीमंतीने सगळेच विकत घेता येत नाही, ही या विषयातली एक गंमतच म्हणायची.

पाऊस पडला की चित्र उलटते, पण माणसे तीच राहतात. १८७२ च्या पुरात पांझरा नदीने धुळ्याची घरेदारे उद्ध्वस्त केली, ही नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत गावात शिरल्या, दुकाने बुडाली, जनावरे दावणीला मेली. नदीकाठी आधी कोण राहायला जाते? ज्याला दुसरीकडे जागा मिळत नाही तो. पुढे त्याच काठावर भराव टाकून रस्ता किंवा संकुल होते तेव्हा मात्र अतिक्रमण हा शब्द कोणी वापरत नाही.

दुसरीकडे जागा द्यायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी ११ हजार ४२४ घरकुले बांधायला घेतली. जागा शहराच्या कडेला, पैसा कर्जाचा. पुरी झाली सुमारे दीड हजार. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. निकालाविरुद्ध अपिले झाली, त्यामुळे दोषाविषयी मी जास्त बोलणार नाही. तो न्यायालयांचा विषय. मला खुपते ते वेगळे. या प्रकरणावर आपल्या जिल्ह्यात पंधरा वर्षे चर्चा झाली ती कोण आत गेले, कोण सुटले, कोणाचे राजकारण संपले यावर. न बांधलेल्या सुमारे दहा हजार घरांत जी माणसे राहायला येणार होती ती आज कोणत्या पत्र्याखाली आहेत, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आणि सातपुड्यातून येणारे पावरा, बारेला मजूर तर त्या यादीतही नव्हते. वीटभट्टीवर, बांधकामावर चार महिने राहून जाणाऱ्याला ना नळ, ना मीटर, ना पुरानंतरचा पंचनामा.

मग करायचे काय? याचे उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही, साक्री तालुक्यापर्यंत गेले तरी पुरे. पांझरा नदीवर तीनचारशे वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात हंगामाला एकच पीक, यंदा उसाचा फड पुढे दुसऱ्या पिकाचा. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसे, तर वेगवेगळ्या फडांत तुकड्यांनी असे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना गावाने धान्यात द्यायचा. विश्वेश्वरय्या तरुणपणी सरकारी नोकरीत याच खानदेशात आले आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी दातर्तीला केले. या पद्धतीतली मख्खी टंचाईच्या वर्षी कळते. नदीला पाणी कमी असेल तर शेतकरी बसून ठरवत की यंदा अमुक फड पडीक ठेवायचा. त्या फडात सगळ्यांचीच जमीन, म्हणून तोटाही सगळ्यांचा. पाटाच्या तोंडाशी असलेला भिजला आणि शेपटाकडचा वाळला, असे होऊ शकत नसे.

फडाचे मी कौतुक करतो आहे, पण आरती ओवाळत नाही. पाणी जमिनीला होते, माणसाला नव्हते. ज्याला जमीन नाही त्या भिल्लाला, महाराला फडात वाटा नव्हता. असलीच तर जागल्याची नोकरी. ती पद्धत जशीच्या तशी शहरात आणा, असे म्हणणारा मी नव्हे. तिच्यातला एकच नियम उचलावा: टंचाई वाटायची असेल तर ती सगळ्यांना जाणवेल अशी वाटायची. महापालिकेच्या वेळापत्रकात हा नियम नाही. पाणी आठवड्याने सोडले की हौदवाला सुटतो आणि ड्रमवाला अडकतो. तेच पाणी रोज थोडे सोडले तर दोघांच्या घरात जवळजवळ सारखे पोचते, कारण एका दिवसाचे बहुतेक पाणी ड्रम-हंड्यांतही मावते. जोवर रोज सोडणे जमत नाही तोवर वस्त्यांना आधी आणि जास्त वेळा, बंगल्यांना नंतर. जास्त पाणी घेणाऱ्याला जास्त पट्टी. वस्तीच्या मध्यभागी महापालिकेचीच झाकणबंद सामायिक टाकी, जिचे पाणी मोजून वाटता येईल. यांतली कोणतीही गोष्ट अभियंत्यांना अवघड नाही. अवघड आहे ती टाकीवाल्यांना, म्हणजे आपल्याला.

उन्हासाठीही असेच. पत्र्यावर उन्हाळ्याआधी चुना मारला तर आतली धग कमी होते, हे वस्तीतल्या बाईलाही ठाऊक आहे. चुन्याला पैसे नसतात. महापालिकेने दर फाल्गुनात वस्त्यांमधल्या पत्र्यांना चुना देण्याचा खर्च चौकांच्या सुशोभीकरणापुढे किरकोळ आहे. मजूर जिथे सकाळी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यांवर सावली आणि माठ. बिनमंजुरीच्या वस्त्यांना आधी जागेचा कागद, कारण कागद असल्याशिवाय कोणी पक्के छप्पर घालत नाही आणि झाडही लावत नाही.

आता तुम्हाला एक काम सांगून थांबतो. घरी गेल्यावर आपल्या प्रभागात कोणत्या भागाला किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ पाणी सुटते, ते विचारा. तोंडी सांगितले तर लेखी मागा, लेखी मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मग तो कागद घेऊन आपल्या घरी पोळ्या करायला, धुणी धुवायला येणाऱ्या बाईंना विचारा की त्यांच्या वस्तीत खरोखर केव्हा येते. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर तो कागद आणि त्यांचे म्हणणे घेऊन, त्यांना बरोबर घेऊन, महापालिकेत जा. हंडा मोर्चाला नेहमी त्याच जातात. एकदा टाकीवाल्यांनीही जावे.